अर्ध्यावर सोडलेला गजर

३ सप्टेंबर

काल वाट लागली. दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून मुलाला, राजेशला, ऑफिसात मिळालेली ही डायरी उघडून बसलोय.

गौरी-विसर्जनाची डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना होता, भांडुपच्या मंडपात. समोर सर्वेश धुरीबुवा, वय पस्तीस, आवाज चांगला, तोंड त्याहून मोठं. पहिली बारी त्याने छान केली, खोटं कशाला लिहू. माझी बारीही रंगली होती. शेवटचा गजर धरला, लय चढवली, वरच्या सुराला हात घातला आणि खाली कळलं की घात झाला. पेटी सोडली आणि उठलो. पखवाजावरच्या दाजी मुणगेकराला खूण केली, घशात माशी गेली म्हणून. मागच्या बाजूने मंडपाबाहेर पडतोय तोवर धुरीने माईक ओढला. "घाडीबुवा, गजर अर्ध्यावर टाकून खंय पळालास?" सगळा मंडप खो खो हसला.

सरळ लिहितो. धोतरात झाली. वय वर्षे चौसष्ट, चाळीस वर्षं बारी करतोय, कांजूरमार्ग ते कुडाळ लोक काशीराम घाडी हे नाव ओळखतात, आणि धोतरात झाली.

हे काही पहिल्यांदा नाही. शिमग्यापासून डाग पडतायत. थोडे थोडे, पातळ. पण घरात कोणाला पत्ता लागू दिलेला नाही. माझे कपडे मीच धुतो, नळ मोठा सोडून. सुलक्षणा विचारते, "अवो, आता खंयची आंघोळ?" मी सांगतो, घाम आला. तिचा विश्वास बसतो. बायको भोळी असली की संसार सोपा जातो.

७ सप्टेंबर

जुलाबाचा बंदोबस्त सुरू केलाय. जायफळ उगाळून दोन वेळा, डाळिंबाच्या सालीचा काढा, जेवणाला साबुदाण्याची पेज. शिवाय नाक्यावरच्या केमिस्टकडून पोट बांधणाऱ्या गोळ्या आणल्या. पाणी तर जवळजवळ तोडलंच आहे. आत जाणारच नाही तर बाहेर काय येणार? गुडघ्यांच्या जालीम गोळ्या मात्र चालू आहेत, त्याशिवाय मांडी घालून बसताच येत नाही.

दोन दिवस पोट एकदम बंद होतं. म्हटलं, जमलं. आज सकाळी पुन्हा डाग.

सुलक्षणाने माझ्यासाठी तपकिरी लुंग्या आणल्या आणि पलंगावर काळपट चादर घातली. म्हणे पांढऱ्यावर हळदीचे डाग दिसतात. चाळीस वर्षं या बाईने मला पांढऱ्याशिवाय दुसरं काही घालू दिलं नाही. म्हातारपणी रंगाची आवड बदलते माणसाची.

१२ सप्टेंबर

आज घरात आरडाओरडा. जान्हवी, म्हणजे आमची नात, तिसरीत आहे. सुनेला, दीप्तीला, वॉशिंग मशीनच्या मागे तिची चड्डी सापडली. भरलेली आणि वाळलेली. ही तिसरी वेळ.

"आठ वर्षांची घोडी झालीस ना गं! बालवाडीतली पोरं तरी सांगतात," दीप्ती ओरडत होती. तिचंही चुकत नाही, ऑफिसातून दमून येते. मीही आजोबा म्हणून चार शब्द सुनावले. खेळातून उठायचा आळस, दुसरं काय! परवा दाराआड पाय एकमेकांत अडकवून नाचत उभी होती, मीच बघितली. जा म्हटलं तर "नाही आलीये" म्हणाली.

जान्हवी रडत रडत म्हणाली, "आजोबा, मला कळतच नाही कधी होतं ते."

न कळायला काय झालं? हल्लीची पोरं खोटं फार बोलतात. मला कळत नाही ते ठीक आहे, माझं वय झालं. हिला काय धाड भरलीये?

२१ सप्टेंबर

नवरात्रातली भजनं सोडली. घसा बसलाय म्हणून कळवलं. आज दाजी घरी आला. पंचवीस वर्षं माझ्या डाव्या हाताला बसतो, त्याला घशाचं काय सांगणार! तरी सांगितलं.

तो म्हणाला, "धुरीच्या मंडळाचो निरोप इलोहा. माघी गणपतीत आपल्या कॉलनीतच जंगी सामनो. पहिली बारी तेची, दुसरी तुझी."

"नाय जमाचा, दाजी."

"बुवा, नाय म्हटलंस तर तो न गाताच जिंकलो."

डबलबारीचा कायदा त्यालाही ठाऊक आणि मलाही. समोरच्या बुवाने आपल्या बारीत प्रश्न टाकला की दुसऱ्याने आपल्या बारीत त्याचं उत्तर द्यायचं. टाळलं की हरला. आणि बसायलाच आला नाही तर कायमचा हरला. यंदा नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी कोण बोलावणार? बसून नुसतं पेटीवरची धूळ झटकत राहायचं. मला भजन सोडलं तर काही येत नाही. कंपनीतली फिटरकी केली ती पोटासाठी. जगलो ते पेटीवर.

दाजीला म्हटलं, बघतो. तो गेल्यावर पेटीवर बसलो आणि वरचा सूर लावायची हिंमत झाली नाही. घरात कोणी नव्हतं म्हणून थोडा रडलो.

४ ऑक्टोबर

आज मोठा चमत्कारिक दिवस.

सुलक्षणाचे गुडघे दुखत होते. "माझ्यावांगडा चला, मुलुंडाक बरी डॉक्टरीण आसा," म्हणाली. गेलो. डॉ. नीला वर्तक, पन्नाशीच्या, बारीक चष्मा. पाटीवर पोटाचे विकार लिहिलं होतं. गुडघ्यांसाठी पोटाची डॉक्टर? पण सुलक्षणाला वाचायचा कंटाळा, कोणीतरी नाव सांगितलं असेल. आत गेल्यावर ती म्हणाली, "माझा मगे बघा, पयला ह्येंचा बीपी बघा," आणि पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेली ती गेलीच.

डॉक्टरबाईंनी बीपी बघितलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "बुवा, शौचावर ताबा राहत नाही असं कधीपासून होतंय?"

मी गार पडलो. मग लक्षात आलं, या पोटाच्या डॉक्टर, सगळ्यांना हेच विचारत असतील. नशिबाने समोरून सवाल आला होता. टाळला की हरलो. सगळं सांगून टाकलं. भांडुपचा मंडप, जायफळ, डाळिंबाची साल, सगळं.

त्यांनी डाव्या कुशीवर वळायला सांगितलं आणि हातमोजा घालून बोटाने तपासलं. लाज वाटली, पण जेवढी वाटेल असं वाटलं होतं तेवढी नाही. मग खालच्या मजल्यावर जाऊन पोटाचा एक्स-रे काढला. तो उजेडावर धरून म्हणाल्या, "तुम्हाला जुलाब नाहीत. तुम्हाला बद्धकोष्ठ आहे."

मी चिडलो. "बाई, धोतरं धुऊन माझे हात सोलवटले आणि तुम्ही बद्धकोष्ठ म्हणता?"

"हे बघा, इथे सगळा कडक मळ अडकून बसलाय. वरून येणारं पातळ त्याच्या कडेकडेने झिरपतं. तेच तुम्हाला जुलाब वाटतं."

फिटरला एवढं पुरे. पाइप चोंदला की पाणी सांध्यातून गळतं, आणि अडाणी माणूस सांधा आवळत बसतो. मी महिनाभर सांधा आवळत होतो! जायफळ, साल, केमिस्टच्या गोळ्या, पाणी तोडणं, सगळं आगीत तेल. गुडघ्यांच्या गोळ्यांनीही आतडं सुस्त होतं म्हणाल्या. त्यात बारीला बसलं की चार-चार तास आलेली घाई दाबून ठेवायची आम्हा बुवांची सवय. घाई दाबून दाबून आतड्याला आता हाक मारायचाच कंटाळा आलाय.

"हे बरं होतं का?" मी विचारलं.

"तुमचं बरंचसं होईल. पण गोळी घेतली आणि झालं, असं नाही. काही महिने माझं ऐकावं लागेल. आणि या वयात नव्याने सुरू झालंय, तर आत दुर्बीण घालून एकदा बघूनही घेऊ."

मग आपल्याच नादात पुढे बोलल्या की लहान मुलांत तर बहुतेक वेळा हेच असतं. शाळेतला संडास नको वाटतो म्हणून धरून ठेवतात. खडा होतो, दुखतं, दुखतं म्हणून आणखी धरतात. आतडं ताणून सैल पडतं, मग पोराला काही कळतच नाही आणि घरचे आळशी म्हणून ओरडतात.

कळतच नाही. हे मी कुठे ऐकलंय, ते रिक्षात बसल्यावर आठवलं. घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. सुलक्षणाच्या गुडघ्यांचं विचारायचंही राहिलं. पण ती जिना भराभर चढली, म्हणजे आराम असावा.

६ ऑक्टोबर

कालचा दिवस एनिमात आणि संडासात गेला. वर्णन करत नाही. संध्याकाळी पोट असं हलकं झालं की भूक लागून चक्क भात मागून घेतला.

१२ ऑक्टोबर

दुर्बिणीचा रिपोर्ट साफ. देव पावला.

गुडघ्याच्या गोळ्या बदलल्या, बांधणाऱ्या गोळ्या कचऱ्यात. रोज एक पावडर पाण्यात विरघळवून घ्यायची, तिने मळ मऊ राहतो. पाणी भरपूर. नाश्त्यानंतर आली नसली तरी शांतपणे बसायचं, पायाखाली पाट घेऊन, कुंथायचं नाही. जेवणानंतर आतडं आपसूक जागं होतं म्हणे, त्याची सवय लावायची.

दुपारी दीप्ती आणि राजेश दोघं घरी होते. जान्हवीला जवळ बसवलं आणि म्हटलं, "मला तुमच्याशी बोलायचंय. माझी पण चड्डी खराब होते."

राजेश टीव्हीवरून वळला. दीप्तीचा चहा हातातच राहिला. जान्हवीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्याशी आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी खरं बोललो.

"आजोबा, तुम्हाला पण कळत नाही?"

"नाही गं. मी तुला आळशी म्हटलं ते चुकलं माझं. तू आळशी नाहीस. तुझं आतडं दमलंय."

दीप्ती म्हणाली, "बाबा, अहो, पण तिला तर पातळच होतं, मग मी पोट बांधायला केळी देतेय दिवसातून दोनदा..." आणि एकदम थांबली. तिला मी चोंदलेल्या पाइपाचं समजावलं. ती उठून आत गेली. राजेशही मागून गेला. बऱ्याच वेळाने डोळे पुसून बाहेर आली आणि पोरीला कुशीत घेऊन म्हणाली, "सॉरी गं, बाळा." जान्हवी म्हणाली, "शाळेतल्या संडासाला कडीच नाहीये, मम्मी. निधीच्या वेळी मुलांनी दार ढकललं होतं."

तिसरीपर्यंत ही पोर ते पोटात घेऊन फिरत होती. मला इतका राग आला की पेटी काढली आणि तासभर बडवली.

२० ऑक्टोबर

डॉक्टरबाईंनी जान्हवीला मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. निदान तेच निघालं. आधी आतडं मोकळं करून घेतलं, आता रोज पावडर, तिच्या वजनाच्या मापाने. मुख्य सूचना मोठ्यांना: ओरडायचं नाही, बसली की शाबासकी द्यायची, मग झाली असो वा नसो. दीप्ती शाळेत जाऊन बाईंशी बोलली. जान्हवीला आता शिक्षकांच्या खोलीजवळचा संडास वापरायची परवानगी आहे. आणि मुलींच्या संडासाला कडी लागली. दीप्ती लावून घेतल्याशिवाय तिथून हललीच नाही.

सकाळी आम्ही दोघं पेले आपटून "झकास!" म्हणतो आणि पावडर पितो. घरात संडास एकच, त्यामुळे आजोबा-नातीत रोज भांडण, आधी कोण. राजेश बिचारा दाढी करून दाराबाहेर उभा असतो. पेटीखालचा माझा पाट जान्हवीने पळवला. तिचे पाय जमिनीला पोचत नाहीत, म्हणून दिला.

३ नोव्हेंबर

पुन्हा झालं.

दिवाळीत बरं वाटत होतं म्हणून पावडर बंद केली. चकल्या, चिवडा, पाणी कमी. आज बाजारात भाजीवाल्यासमोर. कोथिंबीर तिथेच टाकून घरी आलो. सगळं व्यर्थ आहे. दाजीला उद्या नकार कळवतो.

५ नोव्हेंबर

दाजीला अजून कळवलेलं नाही. जान्हवीने विचारलं, "आजोबा, आज झकास नाही?" तिच्या पेल्याला टेकवायला पेला नव्हता म्हणून तीही पीत नव्हती. प्यायलो.

डॉक्टरबाईंनी झापलं. "बुवा, ताणलेलं आतडं पूर्वपदावर यायला महिने लागतात. बरं वाटतंय ते औषध घेताय म्हणून. थांबवायचं ते मी सांगेन तेव्हा, हळूहळू." शिवाय तपासून म्हणाल्या की खालचा स्नायूही दुबळा झालाय, त्याला तालीम पाहिजे. म्हटलं, माघात सामना आहे. त्यांना सामना म्हणजे क्रिकेटचा वाटला. समजावून सांगितल्यावर खुर्ची पुढे ओढून बसल्या. "म्हणजे सूर लावतानाच होतं? मग सूर लावतानाच शिकायला हवं."

१९ नोव्हेंबर

हे लिहिताना एकटाच हसतोय.

व्यायाम शिकवायला श्वेता नावाची मुलगी आहे, फिजिओथेरपिस्ट. बोटाएवढी नळी आत बसवतात, तिची वायर संगणकाला. आवळलं की पडद्यावरची हिरवी रेघ वर चढते, सोडलं की खाली उतरते. गॅस अडवताना आवळतो तसं आवळायचं, पण श्वास कोंडायचा नाही, मांड्या-पोट ताठ करायचं नाही. मग पूर्ण सैल सोडायचं. सोडणंही तेवढंच शिकायचं. मला रेघ नाचवायला मजा वाटू लागली.

आज श्वेता म्हणाली, "काका, आता गाऊन दाखवा."

"इथे? अशा अवस्थेत?"

"त्याच अवस्थेत तर बघायचंय."

कुशीवर पडल्या पडल्या गजर धरला. वरच्या सुराला गेलो आणि हिरवी रेघ धाडकन खाली! पुन्हा गायलो, पुन्हा खाली. श्वेता म्हणाली, "काका, सूर लावताना तुम्ही खाली ढकलताय. माणूस कुंथताना करतो तेच."

डोकं सटकलं माझं. आमच्या बाबांनी शिकवलं होतं, बेंबीच्या देठापासून आवाज काढ, पोटाने खाली रेट. चाळीस वर्षं लोक ज्याला टाळ्या देत होते ते मी गात होतो की कुंथत होतो?

पण पोरगी ऐकेना. "सूर वर जाईल तसं खालूनही वर उचला." दहा वेळा फसलं. अकराव्यांदा सूर लागला, रेघ वर राहिली, आणि सूर संपेचना! एरवी जिथे दम तुटतो त्याच्या पुढे गेला. थांबलो तर बाहेरच्या खोलीतून टाळ्या. पेशंट बसले होते. त्यांना वाटलं असेल, इथे फार आनंद देतात.

१४ डिसेंबर

जान्हवीची चड्डी गेले तीन आठवडे कोरडी. काल वर्गातल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली, तिथला संडास स्वतःहून विचारून वापरला, आणि घरी येऊन ही बातमी केकच्या आधी सांगितली. दीप्तीने सगळ्यांना आइस्क्रीम दिलं.

मी रोज रियाज करतो. दाजी म्हणतो, "बुवा, आवाज तरणो झालो तुझो. काय खातंस?" म्हटलं, पावडर.

११ जानेवारी

कॉलनीच्या गेटवर बॅनर लागला. 'डबलबारीचा जंगी सामना'. माझा फोटो वीस वर्षांपूर्वीचा, केस काळे.

तालीम चांगली होतेय. पण दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत जो तो विचारतो, "बुवा, यंदा गजर पुरा ना?" हसतो आणि पुढे सटकतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, शंभर टक्के हमी मी देत नाही, आत पॅड लावून बसा, निश्चिंत व्हाल. बसणार. पण भीती पॅडने जात नाही. या वेळी उठावं लागलं तर मी पुन्हा पेटीला हात लावणार नाही, हे मनाशी पक्कं आहे.

२६ जानेवारी

काल संध्याकाळी सामना झाला. शांतपणे, पहिल्यापासून लिहितो.

मैदान भरलं होतं. पहिल्या रांगेत सुलक्षणा, शेजारी दीप्ती आणि राजेश. जान्हवी हट्टाने स्टेजवर, आमच्या कोरसात टाळ घेऊन. सकाळी पावडर, नाश्ता, पाट, सगळं यथासांग पार पडलं होतं.

धुरीने पहिली बारी अशी काही लावली की मीही दोनदा वाहवा म्हटलं. मग गौळण संपवून त्याने पेटीवर बोट ठेवलं, माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि चालीत प्रश्न टाकला:

"सांगा बुवा, सांगा बुवा, अर्ध्यावर का उठलात?
गजर राहिला पेटीवरती, तुम्ही कुठं हो सुटलात?"

मैदान हसून लोळलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. धुरी म्हणाला, "घशातली माशी सांगूक नको. खरा उत्तर होया!" आणि आपला गजर दणक्यात पुरा करून उठला.

माझी बारी. दाजी कानाशी म्हणाला, "बुवा, कायतरी पुराणातला दाखलो देवन मार पलटी." तेच करणार होतो. चाळीस वर्षांत पुराणातून मी कशाचंही उत्तर काढलंय. स्तवन झालं, अभंग झाला, लोक खूश. उत्तराची वेळ आली आणि माझी नजर जान्हवीकडे गेली. ती टाळ छातीशी धरून माझ्याकडे बघत होती. तिला मी सांगितलं होतं की यात लाजण्यासारखं काही नाही. आता माशीची गोष्ट सांगितली असती तर तिने काय समजायचं?

पेटी थांबवली.

"धुरीबुवांनी खरा उत्तर मागितल्यानी. देतंय. त्या दिवशी माका धोतरात झाला."

दाजीचा हात पखवाजावर तसाच राहिला. एक कोणीतरी हसला, मग दहा हसले, मग कोणीच नाही. सुलक्षणा तेवढी संत्रं सोलत होती. सगळं मैदान चकित आणि हिला काहीच नाही. ऐकू कमी येतंय बहुतेक, कान तपासून घ्यायला हवेत.

"हसा, हसा. आता मी पण हसतंय. सात महिने हसाक येय नाय." मग पेटी घेतली आणि तिथल्या तिथे जुळवलं:

"मळ अडकला, वाट अडली, कडेने झिरपलं पाणी,
मी समजलो जुलाब त्याला, झाली हो धूळधाणी!
जायफळाने आणखी चोंदलं, सालीने बसला खडा,
लाज सोडून डॉक्टर गाठा, वैद्य घरचा सोडा!"

पहिल्या ओळीला कोरस अडखळला. दुसऱ्या ओळीला जान्हवीने टाळ मारला, एकटीने, मोठ्याने. मग दाजीने थाप दिली आणि सगळा कोरस उठला. पलीकडे बायकांच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या, त्या पुरुषांकडे आल्या. "घराघरात आसा ह्या," मी म्हटलं, "म्हाताऱ्यांक आसा, पोरांक आसा, बाळंतीण झालेल्या बायकांक आसा. कोण बोलत नाय. माका धुरीबुवांनी बोलाक लावल्यानी, तेंचे उपकार."

आणि गजर धरला.

लय चढवली. तेच वळण, तोच सूर, जिथे भांडुपात उठलो होतो. सूर वर, खालून वर, श्वेताची हिरवी रेघ डोळ्यांसमोर. सूर लागला. राहिला. पुढे गेला. दाजी बघतच राहिला, कारण त्याच्या हाताचा दम संपत आला तरी माझा संपेना. लोक उभे राहिले. शेवटची टाळी पडली तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बाकी कुठूनही काही आलेलं नव्हतं.

माईक सोडून मी बसल्या जागी ओरडलो, "झालो! पुरो झालो!" म्हातारा चळला असं कोणाला वाटलं असेल तर वाटो.

नारळ देताना धुरी खाली मान घालून उभा होता. पाया पडला आणि मान वर न करताच निघून गेला. हरणं पचवायला शिकलं पाहिजे आजच्या मुलांनी.

२७ जानेवारी

सकाळी धुरीचा फोन. आवाज ओळखूच येईना, इतका खाली.

"बुवा, मी चेष्टेत विचारलंय. माका म्हायत नव्हता."

"सामन्यात विचारूचाच असता, रे."

मग तो म्हणाला, "माझी आई दोन वर्षां घराभायर पडली नाय. देवळात नाय, लग्नाक नाय. आमका वाटला, तिचा मन उडाला. माझी दरेक बारी ती मोबाइलवर बघता. परवा तुमचा उत्तर ऐकल्यान आणि मोबाइल बंद केल्यान. काल दिसभर रडली. आज माका म्हणाली, 'त्या बुवाक विचार, डॉक्टरीण खंयची.'"

काल मी त्याच्याबद्दल काय लिहिलं ते वर आहे, राहू दे तसंच.

"आयेक फोन दी," मी म्हटलं.

खरखर झाली. बांगड्या वाजल्या. पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं. मीच म्हटलं, "आये, मी काशीराम घाडी. डॉक्टरीण बरी आसा. बाईमाणूस आसा. पयल्या दिवशी लाज वाटता, मगे काय नाय."

"ता ऱ्हवांदे," म्हातारी म्हणाली. "मी मोबाइल बंद केलंय. मगे काय झाला ता माका म्हायत नाय. गजर पुरो झालो मा?"

"झालो, आये. शेवटपर्यंत झालो."

पुन्हा बांगड्या वाजल्या. डोळे पुसत असावी.

"मगे माझो नंबर लाव," म्हणाली.